अस्तर

पहिल्यांदा पत्र्यावर बोट दुमडून मारायचं.
डण्ण.
म्हणजे रिकामा.
म्हणजे आत नुसतं ऊन आणि टायर बोलणार.

निंगोजी हुंदरे गाडी घेऊन आले
पिरनवाडीला, माझ्या शेडात.
के.ए. बावीस, सतरा वर्षांची व्हॅन,
टपावर भोंग्यांच्या नटांची चार भोकं, त्यांत एम-सील.
याच गाडीतनं ते बोलत आलेले सगळी हयात:
नळाच्या पाण्याची वेळ, साड्यांचा सेल,
बाजारात हरवलेलं पोर, निळी चड्डी,
पक्ष हा पण आणि तो पण.
आधी मराठीत, वळण घेतलं की कन्नडमध्ये,
गल्ली बघून जीभ बदलायची,
क्लच दाबावा इतक्या सहज.
मालकानं भंगारात काढली,
यांनी भंगाराच्याच भावानं घेतली.

"आत झोपायचंय, शट्टुप्पा. मी आणि ही.
चोर्ल्याला, कारवारला, कुठं पण.
पण आवाज नको बघ आत. कसला म्हणजे कसला."

जुनं रेक्झिन ओढलं, तर मागनं हँडबिलं निघाली,
पत्रा खडखडू नये म्हणून कुणीतरी कोंबलेली,
दोन्ही लिप्यांतली,
ओलीनं एकमेकांना चिकटलेली.
तौसीफनं पत्रीनं खरवडून बघितली. सुटी होईनात.
तशीच पोत्यात भरली.

गंज घासला. रेड ऑक्साइड.
मग ब्यूटाइलचं शीट, काळं, डांबराच्या वडीसारखं,
रोलरनं दाबत दाबत चाकांच्या कमानीपर्यंत.
गोंगाट तिथनंच चढतो वर.
बोट मारलं: डब्.
त्यावर फोम, एकोणीस एमएम,
सांध्यांवर चांदीची टेप.
एप्रिलचं ऊन. बाहेर पत्र्यावर हात ठेववत नव्हता,
आत तौसीफनं चक्क डुलकी काढली.

खाली एक भोक मुद्दाम सोडलं.
"हे कशाला? बुजव की."
म्हटलं, दोन माणसं रात्रभर श्वास घेणार,
त्याचं पाणी होतं पत्र्याच्या पोटात.
दिसत नाही.
आणि एक दिवस पत्रा पापडासारखा मोडतो.

छताच्या अस्तराला मी राखाडी कार्पेट दाखवलं.
महादेवीबाई काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आल्या:
वडगावात भावाच्या मागावरचं शेवटचं कापड,
मोरपंखी, माग विकला तेव्हा अर्ध्यावर कापलेलं.
"इष्टु साकेनु?"
"साकु, साकु," म्हटलं.
पुरलं नाही. दीड हात कमी पडलं.
ड्रायव्हरच्या डोक्यावर कार्पेटच लावलं शेवटी.

आवाजाची परीक्षा म्हणजे काय मोठी नसते.
एकानं आत बसायचं, एकानं बाहेर थांबायचं.
बाहेर बाई,
शेजारच्या कारखान्यात लेथ चाललेला.
आत हुंदरे आणि मी. दार ओढलं.
लेथ गेला. खानापूर रोड गेला.
कानात आपलंच रक्त.

हुंदऱ्यांची मूठ आपोआप तोंडापाशी गेली,
माईक धरतात तशी.
खोकले.
मग सभेला लावतात तसल्या गळ्यानं,
बायकोचं नाव घेऊन, एक वाक्य.
आधी कन्नडमध्ये.
मग तेच मराठीत,
गल्ली बदलल्यासारखं.

दार उघडलं.
"एनंद्री?" बाईंनी विचारलं.
"काय नाही. माईक टेस्टिंग."
त्या माझ्याकडं बघायला लागल्या.
मी टेप गुंडाळत होतो.

बिल केलं: शीट, फोम, टेप, मजुरी, डिझेल धरून रोलर आणायला गेलो ते.
कापडाच्या शिलाईचं काही लावलं नाही.
हुंदरे नोटा मोजत होते, तोंडातल्या तोंडात, दोनदा.

तेवढ्यात बाईंनी
बाहेरनं पत्र्यावर बोट दुमडून मारलं,
मी मारतो तसं,
आणि कान लावला.